कटरेभाऊंचे सेकंदाचे दोन काटे

आमच्या मंडळीत कोणी नवी गाडी घेतली तर आठवडाभर बोलणं होतं. कोणी घर बांधलं तर फार तर महिनाभर. पण कटरेभाऊंच्या घड्याळावर आम्ही इतकी वर्षं बोलून राहिलो, की कोणता किस्सा जसाच्या तसा घडला अन् कोणत्याला मीठमसाला लागला, हे आता आम्हालाच सांगता येत नाही. म्हणून मी डोळ्यांदेखत पाहिलेलं अन् खुद्द भाऊंच्या तोंडून ऐकलेलं, तेवढंच सांगतो.

मंडळी म्हणजे आम्ही तिघं. कटरेभाऊ राईस मिलवाले, मिल मुर्रीच्या रस्त्यावर. मेश्राम बँकेत कॅशियर. अन् माझं गोंदियात मेडिकल स्टोअर. संध्याकाळी माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बैठक, चहा समोरच्या टपरीचा.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास भाऊंचा साळा दुबईहून आला अन् त्यांच्यासाठी स्वित्झर्लंडचं घड्याळ घेऊन आला. किंमत साळ्यानं सांगितली नाही, भाऊंनी विचारली नाही. "माहीत झाली तर हातात घालाची हिंमत होणार नाही!"

त्या घड्याळात सेकंदाचे काटे दोन, एकावर एक बसलेले. बटन दाबलं की दोघं सोबत निघतात. दुसरं बटन दाबलं की एक जागीच थांबतो, दुसरा धावत राहतो. तेच बटन पुन्हा दाबलं की थांबलेला टुणकन उडी मारतो अन् धावत्याला गाठतो! धावण्याच्या शर्यतीत पहिला अन् दुसरा, दोघांचाही टाइम घेता यावा म्हणून ही सोय. पण आम्ही त्या उडीवरच फिदा झालो. पहिल्या दिवशी बाकावर आम्ही ती इतक्यांदा पाहिली, की चहावर साय धरली.

शेवटी मेश्रामांनी विचारलं, "भाऊ, पण आता वाजले किती?"

भाऊ म्हणाले, "ते तुमच्या मोबाईलमध्ये पाहा ना! ही घडी त्या कामाची नाही."

*

एकाच वेळी सुटणाऱ्या दोन गोष्टी सापडल्याशिवाय घड्याळाचा उपयोग नव्हता. भाऊ अशा जोड्या शोधत फिरायचे. दोन पाहुण्यांच्या हातात सोबत चहा द्यायचे अन् कोणाची बशी आधी रिकामी होते ते पाहायचे. पाहुणे तोंड पोळून घ्यायचे.

मग त्यांना लोडशेडिंग सापडलं. त्यांच्या हॉलमध्ये छताला दोन पंखे होते. लाईन गेली की दोन्ही पंखे हळू होत जाणार, पण आधी थांबणार कोण? सगळं गाव लाईन गेली की कपाळाला हात लावायचं, कटरेंच्या घरी टाळ्या पडायच्या! वहिनी दाराकडच्या पंख्याच्या बाजूनं, भाऊ खिडकीकडच्या. शेजारचे लोकही घामाघूम होऊन निकालाला थांबायचे.

एके दुपारी टाइम झाला तरी लाईन जाईना. हॉल भरलेला. भाऊंनी वीज ऑफिसला फोन लावला, "साहेब, आज लाईन काऊन नाही गेली?"

पलीकडच्यानं आधी नाव विचारलं. मग उत्तर आलं, "तुमची तक्रार लिहून घेतली."

अन् खरंच थोड्या वेळात लाईन गेली. भाऊ खूश. "सर्व्हिस सुधारली राव!"

*

एका रविवारी आम्ही नवेगाव बांधला गेलो होतो. तलावात मासे धरणारे दोघं जण आपापल्या डोंग्यांत बसून निघायच्या तयारीत होते. भाऊंनी त्यांना काठावरून समोरच्या झाडापर्यंतची रेस लावायला राजी केलं. बटन दाबलं, डोंगे सुटले.

अर्ध्या पाण्यात एकानं वल्हं ठेवलं अन् जाळं टाकलं. ते पाहून दुसऱ्यानंही टाकलं!

भाऊ काठावरून ओरडले, "अरे, रेस चालू आहे!"

तिकडून उत्तर आलं, "चालू राहू द्या भाऊ! मासे लागून राहिले!"

आम्ही डबे खाल्ले. मेश्रामांनी एक झोप काढली. ऊन उतरलं तरी दोन्ही काटे सोबत फिरतच होते. भाऊ जागचे हलेनात. निकाल लागल्याशिवाय काटा थांबवणं त्यांना पटत नव्हतं.

शेवटी दोघंही त्या झाडाकडे न जाता मासे घेऊन आमच्याकडेच परत आले. पहिला डोंगा काठाला लागला, भाऊंनी एक काटा थांबवला. दुसरा लागला, दुसरा थांबवला. मग उठले अन् पहिल्याकडूनच मासे घेतले.

दुसरा कुरकुरला, "माझे घ्या ना, माझे मोठे आहेत!"

"तू हरला!"

*

हा किस्सा भाऊंनी सांगितलेला. ते तिरोड्याहून पॅसेंजरनं परत येऊन राहिले होते. डोळा लागला. मधल्या एका लहानशा स्टेशनावर जाग आली तर मनगट मोकळं! घाबरून खिडकीबाहेर पाहिलं, तर प्लॅटफॉर्मवर लिंबाखाली एक माणूस उकिडवा बसलेला, हातात घड्याळ, बटन दाबून राहिला.

भाऊंनी गाडीतून उडी टाकली अन् त्याच्यासमोर उभे राहिले. तो पळालाच नाही. उलट रडकुंडीला येऊन म्हणाला, "भाऊ, मी काही नाही केलं! हातात घेतली अन् एक काटा बंदच पडला!"

"बंद नाही पडला बे. तेच बटन आणखी दाब."

त्यानं दाबलं. काट्यानं उडी मारली. त्याचं तोंड उघडंच राहिलं. भाऊ शेजारी बसले अन् त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. तोवर गाडी निघून गेली. इथं बसू नका म्हणून हाकलायला हवालदार आला, तोही वाकला अन् मग बसलाच. पुढची गाडी येईपर्यंत तिघांनी आळीपाळीनं बटन दाबलं.

मेश्राम म्हणाले, "अन् चोराले सोडलं तुम्ही?"

"सोडलं कायचं? तोच नाही जाऊन राहिला!"

*

आता भोंग्याचं सांगतो.

भाऊंचा धाकटा भाऊ धनलाल. वाटणी झाली तेव्हा एका मिलच्या दोन मिली झाल्या, मध्ये भिंत, अन् दोघांचं बोलणं बंद, काम पडलं तर चिठ्ठी. मजुरांसाठी सकाळी आठला दोन्हीकडे भोंगा वाजायचा. खरी जुनी मिल आपलीच, म्हणून पहिला भोंगा आपलाच, असं दोघांचंही म्हणणं. एकानं आठच्या जरा आधी वाजवला की दुसऱ्या दिवशी दुसरा त्याच्याही आधी. असं करता करता आठचा भोंगा सातला वाजायला लागला!

एका सकाळी कामावरच्या बाया भिंतीजवळ येऊन बसल्या अन् उठेचनात. त्यांच्यातली मोठी, सुगंधाबाई, दोन्ही मिलींकडे तोंड करून ओरडली, "उद्या अंधारातच बोलावता का आम्हाले? दोघं भाऊ ठरवा, नाही तर तुमचे तांदूळ तुम्हीच भरा!"

कोठीत धान भरलेलं, ट्रक दारात उभे. शेवटी धनलालच चिठ्ठी न पाठवता भिंतीवरून बोलला, "तुझ्या त्या घडीनं होऊन जाऊ दे फैसला!"

ठरलं असं. रेडिओवर आठची पिप वाजली की दोघांनी आपापला भोंगा दाबायचा. ज्याचा आधी, त्याचा हक्क. घड्याळ मध्यस्थाच्या हातात. मध्यस्थ मी! दोन्ही घरं माझी गिऱ्हाइकं. रात्रभर झोप नाही.

सकाळी रस्त्यावर जत्रा. पिप वाजली, मी काटे सोडले, अन् भोंगा झाला. एक की दोन, कानाला कळेना. माझे दोन्ही अंगठे दोन्ही बटनांवर सोबतच दाबले गेले. पाहतो तर काटे एकावर एक, केसाचाही फरक नाही!

दोघं भाऊ दोन फाटकांतून धावत आले. "कोणाचा?"

मी घड्याळ पुढे केलं. दोघांनी डोकं जोडून पाहिलं अन् एकदम म्हणाले, "घडी बिघडली!"

वाटणीनंतर त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. घड्याळ दाखवायला दोघं एकाच मोटरसायकलवर नागपूरला गेले. संध्याकाळी परत आले. तिथं काय झालं, ते दोघांनीही आजवर सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठीक आठला एकच भोंगा वाजला.

कोणाचा, ते विचारायला मी गेलो. कटरेभाऊ म्हणाले, "धनलालचा." भिंतीपलीकडे गेलो. धनलाल म्हणाला, "दादाचा."