समईची वात आणि शेठची टाकी

महादेव गुरव यांचे हात वाती वळण्यासाठी घडलेले होते. मालवणकडच्या त्यांच्या गावी देवळातील समयांना वाती पुरवण्याचे काम त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. बोटांना दूध किंवा भस्म लावायचे, कापूस मांडीवर ठेवायचा आणि तळहाताने घट्ट पीळ द्यायचा. पीळ जितका घट्ट, तितके तेल सावकाश चढते आणि दिवा जास्त वेळ तगतो. ही विद्या हातात घेऊन महादेव कुवेतला आले आणि तेथील वफ्रा भागातल्या एका शेतावर, पॉलिहाऊसमध्ये, काकडीच्या वेलींना दोरे बांधू लागले. वातींचा तेथे काही उपयोग नव्हता.

मी त्याच शेतावर मजुरांचा स्वयंपाक करीत असे. पुढील हकीकत बरीचशी मी पाहिलेली आहे, आणि जी पाहिली नाही ती स्वतः महादेवांनी मला सांगितलेली आहे.

एका उन्हाळ्यात ते वेलींच्या रांगेतच कोसळले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की उष्णतेने मूत्रपिंडांना इजा झाली आहे. असा आणखी एक उन्हाळा त्या छपराखाली काढला तर माणूस हाती लागणार नाही. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करण्यास सरकारची बंदी असते. परंतु पॉलिहाऊसला छप्पर आहे, म्हणून ते उघडे नाही, असा अर्थ आमच्या मुकादमाने लावला होता. मुकादमाचे नाव अरुण. तो सांगलीकडचा. सर्व मजूर त्याला शेठ म्हणत, कारण तसे म्हटलेले त्याला आवडत असे.

हिवाळ्यात असे कळले की अहमदी शहरातल्या गोदामावरचा माणूस कायमचा गावी जाणार आहे. ते गोदाम बियाण्यांचे. बियाणे तापू नये म्हणून तेथे रात्रंदिवस एसी चालतो. त्या जागी कोणाला पाठवायचे हे कफील, म्हणजे आमचा कुवेती मालक ठरवणार होता. पण कफील अरुणला विचारणार, हे सर्वांना ठाऊक होते. महादेवांचा जीव अशा रीतीने अरुणच्या जिभेवर येऊन बसला.

त्या जिभेला वेपचे, म्हणजे बॅटरीवर वाफ काढून ओढायच्या सिगारेटचे, व्यसन होते. त्याचा वेप साधा नव्हता. त्याची टाकी उघडून आतला कापूस आपल्या हाताने बदलावा लागे. आत बारीक तारेचे वेटोळे असते, त्यातून कापूस ओवलेला असतो आणि कापसाची दोन टोके खाली ज्यूसमध्ये, म्हणजे ओढायच्या पातळ अर्कात, उतरलेली असतात. तार तापली की कापसातल्या ज्यूसची वाफ होते. कापूस कमी पडला तर ज्यूस हवेच्या भोकातून गळतो आणि खिसा चिकट होतो. कापूस दाटला तर ज्यूस वर चढत नाही, कोरडा कापूस करपतो आणि तो करपट धूर थेट घशात जातो. अरुणच्या हातून आलटून पालटून दोन्ही घडे, आणि त्याचा राग तो मजुरांवर काढी.

पंपांची देखभाल करणारा रितेश नावाचा एक तरुण आमच्यात होता. त्याने एकदा जेवताना थट्टेने सुचवले की वात वळायची तर आपल्यात गुरव बसला आहे. सर्व हसले. महादेवांनी मात्र ते खरे मानले. त्यांना त्यात अहमदीचा रस्ता दिसला. त्यांनी अरुणकडून टाकी मागून घेतली, बोटे दुधात बुडवली आणि समईला वळतात तशी सुबक, घट्ट वात वळून तारेतून ओवून दिली.

अरुणने एक झुरका घेतला आणि तो खोकत खाली बसला. श्वास परत आल्यावर त्याने महादेवांना मारले नाही. त्याने वेप त्यांच्या हातात दिला.

“तूच वळलीस ना? मग संपेपर्यंत तूच ओढ.”

महादेवांनी आयुष्यात विडीसुद्धा ओढली नव्हती. त्यांनी ओढले. डोळ्यांतून पाणी आले, ओकारी आली, तरी अरुण हात वर करून आणखी एक, आणखी एक असे सांगत राहिला. मजूर ताटे हातात घेऊन पाहत होते, आणि काही हसत होते.

त्या करपट चवीतूनच महादेव शिकले. समईची वात उपाशी ठेवायची असते, ही वात मात्र सतत प्यायली पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात आले. मग ते कापसाला पीळ देईनात. कापसाच्या पट्टीवरची कडक साल सोलून काढायचे, तारेतून ओढताना थोडा अडेल पण तार वाकणार नाही एवढाच कापूस घ्यायचे, टोके सुईने विंचरून मोकळी करायचे आणि ज्यूसच्या भोकांवर नुसती टेकवायचे, आत कोंबायचे नाहीत. कापूस पुरता भिजल्याशिवाय ते तार तापवू देत नसत. त्यानंतर अरुणचा खिसा कोरडा राहिला आणि घसा शाबूत राहिला.

रितेशला नवा विषय मिळाला. महादेव अरुणच्या खोलीतून परतले की तो दारातच विचारी, “काय रे म्हादेवा, शेठच्या तोंडात निरांजन लायलंस काय?” महादेव बोटांना लागलेला ज्यूस पुसत आत जात. ते गोदामाची वाट पाहत होते.

हिवाळा सरता सरता त्यांनी अरुणकडे शब्द टाकला. मी तेथे चहा घेऊन गेलो होतो. अरुणने त्यांचे बोलणे शांतपणे ऐकले, मोठी पांढरी वाफ सोडली आणि प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“अरे, तू अहमदीला गेलास तर माझी टाकी कोण करणार? तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा हाय? तुला मी सोडतोय होय!”

त्या दिवशी महादेव जेवले नाहीत. ते चुलीपाशी येऊन बसले आणि मला म्हणाले, “काका, ह्यो उन्हाळो माका झेपाचो नाय.” मग त्यांनी आपला बेत सांगितला. पुढची वात ते मुद्दाम समईसारखी वळणार होते. “शेठाक वाटूं दे, माजो हात गेलो. मगे सोडीत.” हे शहाणपणाचे नाही, असे मी त्यांना परोपरीने सांगितले. ते मान हलवत राहिले आणि त्यांनी माझ्याकडे वाटीभर दूध मागितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कफील शेतावर आला. पॉलिहाऊसच्या दाराशी उभा राहून गोदामावर कोणाला घ्यायचे, असे त्याने विचारले. अरुणने उत्तर देण्यापूर्वी सवयीने वेप तोंडाला लावला. पुढे जे झाले ते लिहायला सोपे आहे. तो खोकत खोकत वाकला, त्याच्या नाकातोंडातून पाणी आले, आणि कफील पोट धरून हसला. कफील हसला म्हणून ड्रायव्हर हसला, आणि मग मजूरही हसले. महादेव हसले नाहीत. ते हात जोडून पुढे आले आणि म्हणाले की शेठ, वय झाले, आता हाताला पूर्वीसारखे जमत नाही.

अरुणने डोळे पुसले. तो हसतच होता.

“हात गेला म्हणतोस? मग गोदामात बारीक बी कसं निवडशील? तिथं हात लागतो, महादेवा. पॉलिहाऊसात हात लागत नाही, नुसती पाठ लागते.”

मग त्याने कफीलला रितेशचे नाव सांगितले.

रितेश त्याच आठवड्यात गेला. जाताना त्याने कोणाचा तरी स्वेटर मागून घेतला, कारण गोदामात थंडी फार असते असे त्याने ऐकले होते. निरोप घेताना त्याने महादेवांना वाकून नमस्कार केला. तो खरा होता की थट्टेचा, हे मला सांगता येत नाही. त्यानंतरही अरुणची टाकी महादेवच भरत. फरक एवढाच की भरून झाल्यावर पहिला झुरका आता महादेवांना घ्यावा लागे, आणि अरुण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसे.

उन्हाळा आला. एका दुपारी ते पुन्हा वेलींमध्ये पडलेले सापडले. हातात दोऱ्याचे बंडल तसेच होते. त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. लघवी बंद झाली होती आणि रक्त यंत्रातून शुद्ध करावे लागत होते.

शुक्रवारी मी त्यांना भेटायला निघालो, तेव्हा अरुणने मला थांबवले. त्याने माझ्या पिशवीत टाकी आणि कापसाची पुडी ठेवली. त्यांच्यामागे दोघांनी प्रयत्न करून पाहिला होता, पण टाकी गळतच होती.

महादेवांचा चेहरा सुजला होता. डाव्या हाताला नळ्या होत्या. त्यांनी मला कापूस धरायला सांगितला आणि उजव्या हाताने तो तारेतून ओढून घेतला. सुई नव्हती, म्हणून टोके नखांनी विंचरली. पीळ दिला नाही. टोके भोकांवर टेकवली, ज्यूसचे थेंब सोडले आणि कापूस भिजेपर्यंत वाट पाहिली. हे करताना त्यांना मध्येच धाप लागली आणि थांबावे लागले. रितेश गोदामात टिकणार नाही, ती जागा पुन्हा रिकामी होईल, असे त्यांच्या कानावर आले होते.

मी निघालो, तेव्हा ते म्हणाले, “काका, शेठाक सांगा, हात बरो आसा.”

मी निरोप जसाच्या तसा पोहोचवला. अरुणने टाकी बसवली, झुरका घेतला, थोडा वेळ वाफ तोंडात धरली आणि सोडली. टाकी उलटी करून बघितली. एक थेंबही गळला नाही.

“हात बरा आहे म्हणतोस? मग शनिवारी कामावर येऊ दे त्याला.”