मिठागरातलं लाल पाणी आणि एक बेवारस पाइप

सोसायटीच्या ग्रुपवर मिठागरातल्या लालभडक पाण्याचा व्हिडिओ आला. खाली लिहिलेलं, ‘केमिकल सोडलंय!’ लोणच्यासाठी बाजारात मीठ विकणाऱ्या जनाकाकूंकडून घेतलेलं खडेमीठ तिथलंच! नवरा म्हणाला, “तुला देवळातल्या तीर्थाचाही संशय.” येतो संशय, काय करू? रविवारी स्कूटर काढली.

फुलपाड्याहून आचोळ्यामार्गे राजावलीचं मिठागर गाठलं. जाणार असाल तर सकाळीच निघा, टोपी न्या. मिठागरात सावली औषधालाही नाही. शेवटचा कच्चा रस्ता कंबर खिळखिळी करतो.

जनाकाकू वाफ्यातलं मीठ ओढत होत्या. पाणी खरंच लाल. मी सरळ विचारलं, “काकू, यात काय मिसळलंय?”

“ऊन,” त्या हसल्या. “लाली आली की मीठ धरतं. आमी वाटच बगतो तिची.”

मला कसलं पटतंय! बांधावर बसून फोनवर शोधलं. इतक्या खारट पाण्यात फारसं काही तगत नाही, पण एक सूक्ष्म शेवाळ मजेत जगतं आणि कडक उन्हात लाल-केशरी होतं. खारटपणा उतरला की त्याची लाली जाते. चला, लोणचं वाचलं.

मग कोपऱ्यातला वाफा हिरवट का? काकूंचं हसू मावळलं. “तोच तर घोर हाय गो. मीठच धरत नाय. दोनच वाफे उरलेत माज्याकडं. ह्यो गेला तर बाजारात काय घेऊन बसू?”

म्हणजे गोडं पाणी शिरतंय. पण कुठून? बांध धरून चालत गेले. झुडपांमागे एक पाइप, तोंडाशी साबणाचा फेस. वर नव्या टॉवरची भिंत. वॉचमन धावत आला, “मॅडम, उधर मत जाओ.”

“पाइप किसका है?”

“किसी का नहीं.”

मी फोटो काढले आणि काकूंना दाखवले. त्या म्हणाल्या, “तुमच्या बिल्डिंगचं पानी कुठं जातं?”

मी स्कूटरला किल्ली लावली.

घरी आल्यावर लोणच्याची बरणी धुतली. फेस गोल फिरत मोरीत गेला. तशीच खाली उतरून आमच्या प्लंबरला गाठून काकूंचाच प्रश्न विचारला.

“जातं की मॅडम, मागच्या बाजूला कुठंतरी.”

नवरा गॅलरीतून ओरडला, “आता कोणावर संशय?”

“आपल्यावर,” मी म्हटलं आणि बिल्डिंगच्या मागे निघाले.