सेल्माची भांडी

सेल्मा नीगार्ड गेली फेब्रुवारीत, पण तिला माती मिळाली मे महिन्यात. मिनेसोटाच्या वरच्या अंगाला हिवाळ्यात जमीन लोखंडासारखी होते. कुदळ मारली तर ठिणगी उडेल, खड्डा व्हायचा नाही. म्हणून थंडीत गेलेल्या माणसाला दफनभूमीच्या कडेच्या दगडी कोठीत थांबावं लागतं, बर्फ वितळेपर्यंत. चर्चमध्ये प्रार्थना झाली, तळघरात सगळे हॅम आणि बटाटे जेवले, आपापल्या घरी गेले. सेल्मा तेवढी मागं राहिली.

तिची लेक आर्डिस त्या दिवसांत दुकानाला निघाली की दफनभूमीचा रस्ता टाळून लांबून जायची. नवरा ऑर्लन एकदा म्हणाला, "पेट्रोल काय फुकट मिळतं का गं?"

"आई उभी आहे तिथं," आर्डिस म्हणाली.

कोठीत माणसाला आडवं ठेवतात हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण आईला टेबलाशी बसलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. रोज जेवणाआधी सगळे हात जोडून प्रभूला पाहुणा म्हणून बोलवायचे. पाहुणा यायचा की नाही तो जाणे, पण यजमानीण मात्र ओट्याला टेकून उभीच असायची. पातेल्याच्या बुडाला लागलेलं चमच्यानं खरवडायची. बिस्किटांतलं तुटकं तेवढं उचलायची. "तुटकं अंगाला लागत नाही," म्हणायची. आणि तिथून तिची नजर आर्डिसच्या ताटावर असायची. पोरीनं दुसऱ्यांदा हात पुढे केला की मागून शब्द यायचे, अगदी हळू, "एवढं सगळं?"

आर्डिस आता साठीला आली होती. अंगानं आईच्या दुप्पट. पण तिनंही टेबलाशी नीट पोटभर जेवण कधी केलं नव्हतं. सगळ्यांसमोर चिमणीसारखं दोन घास खायची, आणि मग भांडी घासताना मोरीशी उभी राहून, नळाच्या आवाजात, उरलेलं सगळं भराभरा गिळायची. चव कसली लागते त्यात! चोरीच्या अन्नाला चव नसतेच.

घर तळ्याच्या काठावर. लाकडी धक्का दारातून दिसायचा. पण चौदाव्या वर्षानंतर ती त्या पाण्यात उतरली नव्हती. त्या उन्हाळ्यात ती धक्क्यावर ओली उभी होती, मामेभावंडं हसत-खिदळत होती, आणि सेल्मानं तिच्या अंगावर टॉवेल फेकला होता. "झाक ते," एवढंच म्हणाली होती. तेव्हापासून ती उन्हाळाभर लांब बाह्यांचा झगा घालून धक्क्याच्या टोकाला बसायची, फक्त पावलं पाण्यात.

मे महिन्यात सेल्माला माती दिली, आणि पुढच्याच आठवड्यात भांडी यायला लागली.

आमच्याकडची रीत अशी की चर्चच्या जेवणावळीला प्रत्येक बाई आपलं भांडं नेते, बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर आपलं नाव लिहिते. भांडी फिरत राहतात. कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या आजारपणाला. वर्षानुवर्षं परत येत नाहीत. पण भांड्याची धनीण गेली की त्या उन्हाळ्यात ते तिच्या घरी पोचवायचं, आणि रिकामं पोचवायचं नाही.

सेल्मानं गावभर रांधलं होतं. तिची भांडी कुठं नव्हती! पहिल्यांदा आलं काचेचं चौकोनी, त्यात चिकन-नूडल्सचं हॉटडिश, भट्टीत खरपूस भाजलेलं. मग पिवळा वाडगा, बटाट्याच्या सॅलडनं भरलेला. मग लांबट ट्रे, त्यात दालचिनीचे पाव. दारावर टकटक व्हायची, कुणीतरी म्हणायचं, "तुझ्या आईचं गं," आणि हातात द्यायचं. आर्डिस भांडं उलटं करून बघायची. बुडाला तेच ताठ, किरटं अक्षर, 'से. नीगार्ड'. जिनं हयातभर तिच्या ताटातलं मोजलं, तीच आता मातीखालून ताटं पाठवत होती. आर्डिस ती भांडी फ्रिजमध्ये ठेवायची तेव्हा नाव भिंतीकडे करून ठेवायची.

जूनमध्ये नात आली. ब्रिटा, नऊ वर्षांची. तिची आई डलूथच्या इस्पितळात कामाला, म्हणून पोर उन्हाळाभर आजीकडे. गोल गालांची, गोल पोटाची, आणि तोंडानं अखंड बडबड. आल्या आल्या तिनं कपडे भिरकावले आणि निळ्या स्विमसूटमध्ये धक्क्यावरून अशी उडी मारली की लून पक्ष्यांची जोडी ओरडत पार पलीकडच्या काठाला गेली.

"आजी, मी बॉम्ब आहे बॉम्ब!"

"दिसतंय," ऑर्लन म्हणाला. "तळं निम्मं रिकामं केलंस. मासे आता अंगणात धरायचे का?"

ती जेवायचीही तशीच. मक्याचं कणीस लोण्यात लोळवून, कोपरापर्यंत ओघळ आणून, डोळे मिटून. आर्डिस बघत राहायची. देवानं अन्न कशासाठी केलं असेल हे त्या पोरीच्या तोंडाकडे बघून कळायचं.

आणि मग तो रविवार आला. जेवण झालं होतं. टेबलावर सेल्माच्याच एका ताटलीतून आलेला स्ट्रॉबेरीचा केक होता. ब्रिटानं एक तुकडा संपवला, बोटं चाटली, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

"एवढं सगळं?"

हळू आवाज. थंड. ब्रिटाचा हात तिथंच थांबला. ऑर्लननं झटकन मान वर केली, आणि त्याची नजर गेली ती थेट ओट्याकडे. तिथं कुणी नव्हतं.

"मला वाटलं, सेल्मा..." तो म्हणाला.

शब्द आर्डिसच्या तोंडातून आले होते. तिनं ते म्हणायचं ठरवलं नव्हतं. घशातून कुणीतरी दुसरंच बोलून गेलं होतं.

"घे ना गं, घे," ती घाईनं म्हणाली.

"नको," ब्रिटा म्हणाली. "भरलं पोट."

पोट भरलं नव्हतं. पोर खोटं बोलायला शिकली होती, तिच्याच टेबलाशी, तिच्या डोळ्यांदेखत.

दोन दिवसांनी आर्डिस कपडे वाळत घालून आत आली तर ब्रिटा ओट्याशी उभी. पाठ भिंतीला. बिस्किटांचा डबा उघडा, आणि पोर त्यातले तुकडे वेचत होती.

"बसून खा की, बाळा."

"तुटकीच घेतेय आजी," ब्रिटा लगबगीनं म्हणाली. "तुटकी चालतात ना? तू पण तीच खातेस."

त्या दुपारी ती पाण्यात उतरली ती निळ्या पोशाखावर आजोबांचा भलामोठा शर्ट घालून. बॉम्ब झाली नाही. शिडीनं उतरली, एकेक पायरी.

आर्डिस धक्क्याच्या टोकाला बसून ते बघत होती. तिला वाटलं होतं, आपण मेलो की हा आवाज आपल्याबरोबर मातीत जाईल. तो जाणार नव्हता. त्याला पुढचं घर सापडलं होतं.

ती प्रार्थना करणारी बाई होती. त्या रात्रीच्या प्रार्थनेत तिनं स्वतःसाठी काही मागितलं नाही. नुसतं म्हणाली, "प्रभो, पोरीला नको."

शेवटचं भांडं डॅग्नी घेऊन आली. डॅग्नी सेल्माची बालमैत्रीण, आता काठीनं चालणारी, वाळून काडी झालेली. नातू गाडीतून सोडून गेला, आणि ती निळं तामचिनीचं मोठं पातेलं व्हरांड्यात टेबलावर आदळत म्हणाली, "घे बाई. माझ्याकडे इतकी वर्षं होतं की पातेल्याला वाटायला लागलं मीच त्याची आई. आत कणसं आहेत, गरम आहेत, झाकण उघडू नको."

"डॅग्नीबाई," आर्डिसनं विचारलं, "आई लहानपणीही उभ्यानंच खायची?"

म्हातारी खुर्चीत बसली. काठी मांडीवर आडवी घेतली.

"कुठली! खायला अशी होती पोर म्हणून सांगू! कणीस हातात आलं की कुत्र्याला चघळायलाही काही उरायचं नाही. पण तुला आमचे मळणीचे दिवस माहीत नाहीत. मळणीवाले आधी बसायचे, मग घरचे पुरुष. पोरींनी वाढायचं आणि उरलंसुरलं ओट्याशी उभ्यानं खायचं. एकदा सेल्मा दमली आणि त्या लोकांच्या पंगतीत बसली. ताट भरून घेतलं. तिच्या बापानं दंडाला धरून उठवलं, कोठारात नेलं, आणि धान्याच्या काट्यावर उभं केलं. सगळ्यांसमोर. 'बघा रे, गव्हाचं पोतं जड की ही?' हसले मेले सगळे पोटं धरून."

"केवढी होती?"

"ही तुमची पोर आहे ना, एवढी असेल." डॅग्नीनं धक्क्याकडे बोट केलं. ब्रिटा तिथं शर्ट गुडघ्यांवर ओढून बसली होती. "त्यानंतर बसली नाही ती. आणि परत तिला कुणी बस म्हटलंही नाही गं."

इतकी वर्षं ओट्याशी उभी असलेली ती बाई आर्डिसला पहारेकरी वाटत आली होती. आता तिथं एक लहान पोर दिसायला लागली, काट्यावरून अजून न उतरलेली.

तिनं टेबल व्हरांड्यातच मांडलं. ऑर्लनला हाक मारली, ब्रिटाला हाक मारली. डॅग्नी होतीच. आणि आणखी एक खुर्ची आतून आणून ठेवली, तिच्यासमोर ताट मांडलं.

"हे कुणाचं?" ऑर्लननं विचारलं.

"आईचं."

ऑर्लननं डॅग्नीकडे पाहिलं. डॅग्नी म्हणाली, "मग लोणी तिकडं सरकवा. तिला लागायचं भरपूर."

हात जोडले, पाहुण्याला बोलावलं. प्रार्थना संपली तरी आर्डिसनं डोळे उघडले नाहीत. पाठीमागे, दाराच्या चौकटीत, ती होती. हात ॲप्रनला पुसत. आर्डिसला वळून बघायची छाती झाली नाही. तिनं नुसतं हातानं खुर्ची थोडी मागे ओढली.

"बस, आई," ती म्हणाली. "जेवायला बस."

जाळीतून वारा आला, टेबलाच्या कापडाचं टोक हललं. बाकी काही झालं नाही. मग आर्डिसनं एक कणीस आईच्या ताटात ठेवलं, एक आपल्या. लोणी लावलं, हात राखून नाही, चांगलं ओघळेल इतकं. आणि सगळ्यांसमोर, बसून, खायला लागली. गोड होतं. इतकं गोड असतं हे तिला आठवतच नव्हतं. तिनं दुसरं घेतलं तेव्हा कानाशी तो आवाज आलाच, "एवढं सगळं?"

"हो, एवढं सगळं," आर्डिस मोठ्यानं म्हणाली. "तूही घे."

ब्रिटा आजीकडे बघत होती, हनुवटीवरून ओघळणाऱ्या लोण्याकडे. मग तिनं आपलं कणीस उचललं. एक संपलं, दुसरं संपलं. पातेलं रिकामं झालं. राहिलं एकच, त्या रिकाम्या खुर्चीसमोर.

"पणजी ते खाणार नाही ना?" तिनं हळूच विचारलं.

"तिलाच विचार."

ब्रिटा खुर्चीकडे वळली. कुणी मोठं माणूस उत्तर देत असावं तशी थोडा वेळ थांबली. डॅग्नीची काठीवरची बोटं घट्ट झाली.

"म्हणाली, घे," ब्रिटानं सांगितलं, आणि कणीस उचललं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आर्डिस आतून आली ती ब्रिटाच्या आईचा जुना काळा स्विमसूट घालून. शिवणी ताणल्या होत्या, मांड्या पांढऱ्याफटक. ऑर्लननं पाहिलं आणि टोपी काढली, चर्चमध्ये काढतो तशी.

धक्क्याच्या टोकाला ती थांबली. तिला माहीत होतं, इथं तो आवाज येणार. आलाही. झाक ते. तिनं त्याला पुरतं बोलू दिलं. मग मागे बघून म्हणाली, "ब्रिटा, तुझा तो बॉम्ब कसा करतात गं?"

शर्ट धक्क्यावर पडला, आणि पोर धावत आली.

पाणी गार होतं, छातीला चटका देणारं. आर्डिस वर आली, डोळ्यांवरचे केस बाजूला केले, आणि काठाकडे पाहिलं. व्हरांड्यात डॅग्नी बसली होती. शेजारच्या खुर्चीकडे मान वळवून ती काहीतरी सांगत होती, मैत्रिणीला सांगतात तसं, हात हलवून हलवून.