अवसेचे चंद्र

ग्रहण सकाळचं होतं आणि मी घरात अडकले होते... तारकर्लीच्या आमच्या घरात, पडवीत, आजीच्या नजरेसमोर. साल पन्नासच्या पुढचं, नक्की आठवत नाही. मी चौथीत होते, आणि पुढे शिकलेच नाही, तेव्हा लिहिण्यात चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमचे गुरुजी वर्गात कमी आणि बाहेरच जास्त शिकवायचे. ओल्या वाळूत पाय दाबला की भोवतीची वाळू कोरडी का दिसते, हे बघायला सगळा वर्ग समुद्रावर... घरी जाताना परकर गुडघ्यापर्यंत ओले, मग आईची बोलणी.

एकदा त्यांनी पुठ्ठ्याला बारीक तिकोनी भोक पाडून आणलं. उन्हात धरलं तर जमिनीवर कवडसा गोल... आम्ही चौकोनी पाडलं, तरी गोल. गुरुजी म्हणाले, भोक कसंही असो, चित्र सूर्याचं पडतं. ग्रहणात हाच कवडसा खाल्लेला दिसेल, सगळ्यांनी मैदानात या.

मी येते म्हणून सांगून आले. पण आजीने ऐकलं आणि विषय संपला. ग्रहणात पोरं बाहेर... गावात घरोघरी हेच झालं असणार. गुरुजी पुठ्ठा धरून एकटेच उभे असतील, या विचाराने मला रडू येत होतं. आणि ग्रहण परत कधी येणार कोण जाणे.

आमची पडवी पुढून झापेने बंद केलेली. झाप म्हणजे नारळाच्या झावळ्यांची विणलेली भिंतच म्हणा. ती जुनी झालेली, बाबा बदलणारच होते. तिच्या भोकांतून रोज सकाळी सारवलेल्या जमिनीवर पावलीच्या नाण्याएवढे कवडसे पडायचे, त्यात नवल ते काय... मी मान खाली घालून बसले होते, आणि एक कवडसा बाजूने कुरतडल्यासारखा दिसला. मग दुसरा... मग सगळेच, आणि बघता बघता त्यांच्या कोरी झाल्या.

आजीची जपमाळ थांबली. "गो, आज अवस ना? मगे इतके चंद्र घरात खंयसून इले?"

पाण्यावर, लोणच्यावर ठेवायला तुळशीची पानं काढलेली होतीच. तिने घाईघाईने एकेका चंद्रावर पान ठेवायला घेतलं... तर चंद्र पानाच्या वर.

मी उठून झापेच्या एका भोकात बोट घातलं. एक चंद्र गेला. बोट काढलं, परत आला.

"चंद्र नाय आजये, सूर्यच आसा. गुरुजींनी शिकवल्यानी."

आता ओरडणार असं वाटलं. पण आजी हळूच म्हणाली, "आपण खंय भायर गेलव?"

मग काय... ग्रहण सुटेपर्यंत आम्ही दोघी खाली बघत बसलो. जप राहिला तो राहिलाच.

आंघोळ झाल्यावर ओल्या केसांनी शाळेत पळाले. गुरुजी खरंच एकटे होते. तुळशीच्या पानाचं सांगितलं तर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा वर्ग घेऊन ते आमच्या पडवीत हजर... झाप बघायला. आणि मी तोंड उघडायच्या आत आजीनेच सुरू केलं, "भोक कसलाय आसांदे, चित्र सूर्याचाच." गुरुजींच्या समोर, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

पुढे बाबांनी नवी झाप बांधली, पण जुनी आजीने जाळू दिली नाही. फुडल्या ग्रहणाक लागतली, म्हणे.

माझी शाळा त्याच वर्षी सुटली. पण गुरुजींचा एक धडा मी घरात बसून पुरा केला, आणि तो आजीलाही शिकवला... याचा अभिमान मला अजून आहे. आजही झाडाखाली कवडसा पडलेला असला की माझा पाय आपोआप बाजूला होतो. सूर्य आहे तो.