थोरल्या जाऊबाई आणि दर्शनी खिडकी

थोरलीच्या पोटात नेमकं कधी दुखायला लागलं, हे तिच्या नवऱ्याला सांगता येणार नाही. शेजाऱ्यांना येईल. नाहीतर शेजारी असतात कशाला?

कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान बंद पडून तिथे वस्तीची चित्रांची गॅलरी निघाली, तेव्हा पहिलं पाऊल थोरलीनंच आत टाकलं. समोरच तिचं कपडे अल्टर करायचं दुकान. पँटी आखूड करायच्या, कोटांची अस्तरं बदलायची आणि मधल्या वेळात गॅलरीवाल्या बाईंच्या मागे उभं राहून “डावीकडे झुकलंय” म्हणायचं. होता होता संध्याकाळी गॅलरी बंद करायची किल्ली तिच्याकडे आली. मग ती ‘आमची गॅलरी’ म्हणायला लागली.

त्या वर्षी आधी एका कलावंतानं छताला गंजलेल्या किल्ल्या टांगल्या. थोरलीनं येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचा अर्थ सांगितला, दर वेळी निराळा. मग एका मुलीनं वाळत घातलेल्या चादरीचा व्हिडिओ लावला. “ओल्या चादरीची घडी केली की वास येतो, तेच दाखवलंय,” थोरली म्हणायची आणि पाहुणे गंभीरपणे मान हलवायचे. गॅलरीत बसायला स्टूल एकच. ज्याला जिथे रमावंसं वाटेल त्यानं तिथे ते ओढून घ्यायचं. तिसऱ्या प्रदर्शनात आवडत्या चित्रासाठी चिठ्ठ्यांची पेटी ठेवली, तर आलेल्या माणसांपेक्षा चिठ्ठ्याच जास्त निघाल्या. सगळी नातेवाइकांची कृपा!

एवढ्यानं भागेना म्हणून बाई कागद-पेन्सिली घेऊन लोकांच्या दारी जायला लागल्या. कधी दवाखान्याच्या बाकांवर, कधी लाँड्रीत. थोरलीच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये वर्ग भरला आणि तिथेच घात झाला. तिची धाकटी जाऊ औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. ती थोरलीकडे घराची किल्ली मागायला आली. बाई म्हणाल्या, “बसा की जरा.” बसली बापडी. उठली तेव्हा कागदावर पार्किंगमधली मोडकी सायकल अशी टेकून उभी होती की बाईंनी चष्मा काढून पुसला.

“ताई, मला जमलं की हो!”

“सायकल काय, कुणालाही जमते,” थोरली म्हणाली आणि नको इतक्या जोरात किल्ली तिच्या हातावर ठेवली.

वर्षाच्या शेवटी वस्तीतल्या लोकांच्याच कामांचं प्रदर्शन ठरलं. ज्याचं काम लोकांना सगळ्यात भावेल, ते पुढचं वर्षभर रस्त्याकडच्या दर्शनी खिडकीत राहणार. ती खिडकी बरोबर थोरलीच्या शिलाई मशीनसमोर. मान वर केली की तिला तिथे आपलं काम दिसायचं. अजून केलेलं नव्हतं, तरी दिसायचं! तिनं पँटींच्या कापलेल्या तुकड्यांचा भिंतभर पडदा शिवला, आणि खरं सांगायचं तर देखणा शिवला. धाकटीनं वहीएवढं पेन्सिलचित्र दिलं. मशीनवर वाकलेली पाठमोरी बाई, ढिला अंबाडा, एका पायातली चप्पल निसटलेली.

“ही मी?”

“मग कोण, ताई?”

“पाठमोरी का काढलीस?”

“तुम्ही वळून बघताच कुठे?”

थोरलीचा तिळपापड झाला. त्यात बाईंनी जाहीर केलं, “या वेळी पेटीबिटी काही नाही. कुणाचं काम आवडलं ते मला माझ्या पद्धतीनं कळेल.”

थोरलीनं ताडलं, बाई लोकांची तोंडं बघत असणार. लगेच नवऱ्याला कामाला लावलं. “अहो, पडद्यासमोर उभे राहा आणि मोठ्यानं ‘वा’ म्हणा.” त्यानं इमानेइतबारे ‘वा’ म्हटलं, पण आग विझवायच्या लाल नळकांड्यासमोर. त्याला वाटलं, तेच कलाकृती.

प्रदर्शन चालू होतं तोवर रोज संध्याकाळी लोक गेले की थोरली शटर अर्धं ओढायची, स्टूल उचलायची आणि थेट धाकटीच्या चित्रासमोर मांडायची. चुका काढायला! माझी मान एवढी वाकडी नाही. कोपर असं नसतंच. मग आपलंच कोपर वाकवून बघायची. ते तसंच असायचं. मग चप्पल. मी कधी चप्पल काढून बसते? खाली बघितलं, तर एक चप्पल स्टुलाखाली पडलेली. नवऱ्याचा फोन यायचा, “अगं, घरी येतेस ना?” की थोरली दिवे घालवून, स्टूल तिथेच टाकून तणतणत निघायची. दुसऱ्या दिवशी उरलेल्या चुका काढायला पुन्हा हजर.

शेवटच्या दिवशी सगळे जमले. थोरली नवी कोरी ओढणी घेऊन पुढेच बसली.

“माझी पद्धत आता सांगते,” बाई म्हणाल्या. “पाहुणा ज्याच्यापाशी रमतो, तिथेच स्टूल राहतं. मी रोज सकाळी आल्यावर एवढंच बघायची, रात्री स्टूल कुणासमोर राहिलंय. एक दिवस चुकला नाही. स्टूल ह्या पाठमोऱ्या बाईसमोरच! खिडकी हिची.”

टाळ्या पडल्या. धाकटी रडायच्या बेतात. थोरली मात्र ताडकन उभी राहिली.

“अहो बाई, पण ते स्टूल...”

“काय झालं स्टुलाला?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. धाकटी तर डोळे पुसून बघत होती. तिथे कोण बसत होतं हे नुसतं सांगितलं असतं, तर खिडकीचा सौदा तिथेच मोडला असता. पण मग सगळ्या वस्तीला कळलं असतं, थोरली जावेचं चित्र रोज तास तास बघत बसते! थोरलीनं ओढणी सारखी केली.

“डुगडुगतं,” ती म्हणाली. “एक पाय आखूड आहे. नीट करून घ्या तेवढा.”

दुसऱ्या दिवशी खिडकीत चित्र लावायला अर्थात थोरलीच हजर. धाकटीनं धरलं, थोरलीनं रस्त्यावर उभं राहून हात हलवले.

“डावीकडे झुकलंय. आणखी वर. आता बरोबर.” मग काचेला नाक लावून म्हणाली, “आणि खाली तुझं नाव लिहिलंयस ना, ते बारीक कर. लोक मला बघायला येणार आहेत.”