सेन्सरवरचं काजळाचं बोट

परवा सकाळी अहमदपुरात घरी बसल्या बसल्या माझा उजेड गेला... घरातला नव्हे, छातीतला.

त्याचं असं आहे, माझं हृदय थकत चाललंय. म्हणून लातूरच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यात गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, तांदळाएवढा सेन्सर बसवला. हृदयाची खबर तो प्रकाशानं बाहेर पाठवतो, वर चिकटवलेली पट्टी ती टिपते आणि मोबाइलवरून ती लातूरला पोचते.

तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही म्हणे. पण शाळेत दिव्यांच्या, चांदण्यांच्या कविता घोकलेला मी... दुपारी पडल्या पडल्या वाटायचं, लहानपणचा एखादा काजवा आत येऊन बसलाय.

परवा अंघोळीनंतर आमच्या सौ.नं, सुमननं, रोजच्यासारखी पट्टी लावून दिली. थोड्या वेळानं डॉक्टरांचाच फोन. "काका, सिग्नल येत नाही. लगेच निघा."

जीप केली. सुमनला घेऊन लातूरला निघालो. मी मनात पाचवीतली कविता म्हणत होतो, तर मधलं कडवंच आठवेना... तेव्हा मात्र घाबरलो.

डॉक्टरांनी पट्टी काढली आणि बघतच राहिले. नेमकं सेन्सरवर काजळाचं ठळक बोट!

"काकू, हे काय?"

"मोबाइलमधी रोज आकडे चांगलेच यायलेत. गल्लीतली माणसं बघून जातेत. दृष्ट लागंल न्हाई का?"

"अहो, काळ्यातून उजेड बाहेर कसा येणार?"

"मग दृष्ट तरी आत कशी जाईल?"

सगळे हसले. मीही. डॉक्टरांनी हसत हसतच कापसानं काजळ पुसलं, पट्टी लावली. आकडे यायला लागले... आणि त्यांचं हसू मावळलं. छातीत पाणी साठायला लागलं होतं. औषधं वाढवली. पुढचं त्यांनी मला सोडून सुमनकडं बघत सांगितलं.

"काजळानं न्हाई ना झालं?" तिनं विचारलं.

"नाही हो, काकू."

परतताना चाकूरजवळ तिनं तेच मला विचारलं. घरी आल्यावर पुन्हा.

काल अंघोळीनंतर तिनं पट्टी लावली, काजळाची डबी उघडली आणि तशीच मिटून ठेवली. मीच मान वळवून कानामागची जागा दाखवली... तिनं डबी पुन्हा उघडली आणि तिथं बोट टेकवलं.

आतला उजेड खरं तेच सांगणार. पण ते खोटं ठरावं म्हणून काजळ लावणारं माणूस घरात आहे... एवढं पुष्कळ झालं.