अण्णांच्या सायकलच्या वायरी

गेल्या शनिवारी देवळाली कॅम्पला माहेरी गेले, तर अंगणात अण्णांची सायकल उभी आणि तिच्याशेजारी वहिनी मांडी घालून बसलेली... हातात कात्री, समोर लाल, काळ्या, पिवळ्या वायरींचा पसारा. मी पिशवी हातात धरून तिथेच बघत उभी राहिले.

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळं आयुष्य सायकलवर फिरले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दादाने त्यांच्या जुन्याच सायकलला मोटर आणि बॅटरीचा किट बसवून आणला. सायकल पळायची मस्त, पण दिसायची मात्र... कॅरियरवर बॅटरीचा डबा, दांड्याला बांधलेली, मोटरच्या कंट्रोलरची एक पिशवी आणि हँडलपासून मागच्या चाकापर्यंत काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेल्या लोंबत्या वायरी.

अण्णांना त्याचं काही वाटत नव्हतं. रोज सकाळी बाजारात जायचं, मित्रांबरोबर चहा घ्यायचा आणि भाजी घेऊन यायचं, यात ते खूश होते.

मागच्या महिन्यात ते सायकल बाहेर लावून बँकेत गेले. परत येऊन बघतात तर लोक लांब उभे, आणि एक पोलीस सगळ्यांना आणखी मागे सारतोय. डबा, वायरी, चिकटपट्टी बघून कोणाला तरी भलतीच शंका आली होती... लष्कराचा भाग, लोक सावध असतातच. अण्णांनी पुढे होऊन सायकल आपली असल्याचं सांगितलं, चालवूनही दाखवली. पोलीस नीटच बोलला. लोक हसले आणि पांगले.

पण ते हसणं अण्णांना लागलं. घरी येऊन त्यांनी सायकलवर जुनी चादर टाकली आणि बाहेर पडणंच सोडलं. दादाने समजावलं, मी फोनवर समजावलं... उत्तर एकच, गुडघा दुखतोय. दिवसभर खुर्चीत बसून असायचे. आई म्हणाली, जेवणही कमी झालंय.

वहिनी सातपूरच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. गाडीत हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत जाणाऱ्या वायरींचा जो एक बांधीव जुडगा असतो ना, तो ती बनवते. शनिवारची सुट्टी बघून तिने कोणाला न विचारता ती चादर काढली होती.

बॅटरी आधीच काढून घरात ठेवलेली. कुठली वायर कुठे जाते त्याचे मोबाइलवर फोटो काढून झालेले. अण्णा आत पेपर तोंडासमोर धरून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं...

वहिनीने हाक मारली, "अण्णा, जरा येता का? तुम्ही बसल्याशिवाय मला माप कळणार नाही."

आले. तिने त्यांना सीटवर बसवलं आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायला सांगितलं. तिथे वायर थोडी सैल ठेवावी लागते म्हणाली, नाहीतर वळताना ताण येतो. आणि तेव्हाच ती एकदम थांबली. हँडलखाली एक वायर दांड्याला घासून घासून सोलली होती, आतलं तांबं दिसत होतं.

"ब्रेकची आहे," ती हळूच म्हणाली. "ब्रेक दाबला की हिच्यामुळे मोटर बंद होते..."

अण्णांनी खाली उतरून, वाकून ती वायर पाहिली. मग आतून स्टूल आणून तिच्याजवळच बसले, ते शेवटपर्यंत.

तेवढा तुकडा तिने बदलला, सोल्डरिंगचा डाग देऊन जोडला, वर प्लास्टिकची नळी चढवून लायटरच्या आचेने आवळली. सगळ्या वायरी एका काळ्या जाळीदार नळीत घालून दांड्याच्या खालून नेल्या. मोटरजवळ वायर आधी खाली वळवून मग आत घेतली, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून पडतं. तापणारा कंट्रोलर सीटखाली, हवा लागेल असा. बॅटरीसाठी आईने जुन्या रेक्झिनची पिशवी शिवली, ती दांड्यांच्या मधल्या त्रिकोणात चपखल बसली. मी नुसती बघत होते... इतकं देखणं काम!

अण्णा सायकलभोवती फिरले. "मोटर आहे हे कोणाला कळणारसुद्धा नाही," म्हणाले, आणि तसेच बाजाराकडे निघाले.

बराच वेळ झाला तरी परत येईनात. मोबाइल घरीच राहिलेला. शेवटी दादा बघायला गेला आणि हसतच परतला. अण्णा चहाच्या टपरीवर सायकल मधोमध उभी करून मित्रांना वाकून वाकून सगळं दाखवत होते... वायर कुठून आत जाते, कुठे बाहेर निघते. दादाने विचारलं, अण्णा, हे झाकायचं होतं ना? तर म्हणाले, "माझ्या सुनेनं काय केलंय ते लोकांना कळायला नको का?"

हे ऐकून वहिनी खाली बघत वायरीचे तुकडे गोळा करायला लागली. मग मला म्हणाली, "ताई, माझं काम गाडीच्या पत्र्याआड जातं. कोणी उघडून दुसऱ्याला दाखवलंय, असं आज पहिल्यांदाच झालं."

इतकी वर्षं ती रोज सकाळी कंपनीच्या बसने जाते, संध्याकाळी येते, आणि आम्ही फक्त 'दमलीस का' एवढंच विचारत आलो... वहिनी, त्या दिवशी तुझ्या शेजारी बसून तुझं काम बघता आलं, याचा फार आनंद आहे. आणि अण्णांना घराबाहेर काढलंस, त्यासाठी तर काय बोलू...